माउस बाजूला ठेवा, मग बिल मंजूर करा

एखादं संकेतस्थळ अंध माणसाला वापरता येतं की नाही, हे ठरवायला समिती नेमावी लागत नाही. माउस काढून बाजूला ठेवायचा, एनव्हीडीए हा पानावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर सुरू करायचा, पडदा बंद करायचा आणि ज्या कामासाठी ते संकेतस्थळ उभं केलंय ते काम पहिल्या पानापासून पावती मिळेपर्यंत फक्त कीबोर्डवर करून पाहायचं. दाखल्याचा अर्ज असेल तर अर्ज, वीजबिल असेल तर बिल, परीक्षेचा फॉर्म असेल तर फॉर्म. काम पूर्ण झालं तर संकेतस्थळ चालतं. मध्येच अडलं आणि शेजारच्या डोळस माणसाला हाक मारावी लागली तर ते चालत नाही, मग तळाशी कोणतंही प्रमाणपत्र झळकत असो. ही चाचणी निविदेतच लिहिलेली असावी आणि ती पार पडल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत कशावर उभं आहे ते समजायला स्क्रीन रीडर पान कसं वाचतो हे आधी पाहावं लागेल. पडद्यावर काय दिसतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. ब्राउझर पानाच्या एचटीएमएलमधून, म्हणजे पान ज्या संकेतभाषेत लिहिलेलं असतं तिच्यातून, एक वेगळी रचना बनवतो: हे शीर्षक, हा दुवा, हे बटण, हा रकाना. स्क्रीन रीडर ती रचना उचलतो आणि अख्खं पान सलग मजकुरासारखं समोर ठेवतो. या मजकुरात फिरण्याच्या पद्धतीला एनव्हीडीएत ब्राउझ मोड म्हणतात, आणि या मोडमध्ये कीबोर्डवरची साधी अक्षरंच शॉर्टकट होतात. 'एच' दाबलं की पुढचं शीर्षक, 'के' दाबलं की पुढचा दुवा, 'एफ'ने फॉर्ममधला पुढचा रकाना, 'बी'ने बटण, 'टी'ने तक्ता, 'जी'ने चित्र, 'डी'ने पानाचा पुढचा मोठा विभाग. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की मागे. १ ते ६ हे आकडे त्या त्या पातळीच्या शीर्षकावर नेतात. तक्त्यात शिरल्यावर कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणांनी एकेक घर सरकता येतं. इन्सर्ट-एफ७ दाबलं की पानावरचे दुवे, शीर्षकं, बटणं यांची यादी उघडते. तिथे दोन-तीन अक्षरं टाइप करून थेट हव्या त्या जागी पोहोचता येतं. जॉज या स्क्रीन रीडरमध्येही बहुतेक अक्षरं हीच आहेत, थोडी वेगळी: रेडिओ बटणासाठी एनव्हीडीएत 'आर', जॉजमध्ये 'ए'.

डोळस माणूस नजर फिरवून पान चाळतो, स्क्रीन रीडर वापरणारा 'एच' दाबत चाळतो. वेबएम या अमेरिकी संस्थेने २०२३-२४ मध्ये केलेल्या पाहणीत, लांबलचक पानावर माहिती कशी शोधता या प्रश्नाला ७१.६ टक्के वापरकर्त्यांनी शीर्षकांवरून उड्या मारत, असंच उत्तर दिलं. पण ही उडी मारायला खाली शीर्षक असावं लागतं. अक्षरं मोठी आणि ठळक केली म्हणून ते शीर्षक होत नाही. एचटीएमएलमध्ये ते शीर्षक म्हणून नोंदवलेलं असावं लागतं. तसं केलेलं नसेल तर 'एच' दाबल्यावर 'नो नेक्स्ट हेडिंग' एवढंच ऐकू येतं. मग वरच्या पट्टीतले दुवे, फिरती चित्रं, मंत्र्यांचे फोटो, 'ताज्या घडामोडी' हे सगळं खालच्या बाणाने ओळीओळीने ऐकत जाणं आलं, आणि पुढच्या पानावर तीच पट्टी पुन्हा. याला 'मुख्य मजकुराकडे जा' हा एक दुवा पानाच्या अगदी सुरुवातीला ठेवणं हा जुना, सोपा उपाय आहे. अनेक ठिकाणी तो दुवा असतोही, पण एंटर मारलं की काहीच होत नाही, कारण तो ज्या भागाकडे बोट दाखवतो त्या भागाला ते नावच दिलेलं नसतं. असा दुवा तपासणीच्या कागदावर खूण करण्यापुरता ठेवलेला असतो.

इथे प्रशिक्षण देणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. बरेच जण इंटरनेट शिकतात ते टॅब आणि खालचा बाण एवढ्यावरच. टॅब फक्त दुवे, बटणं आणि रकाने यांवर थांबतो. मधला मजकूर तो ओलांडून जातो. शुल्क किती, शेवटची तारीख कोणती, फोटोचा आकार किती केबी, हे सगळं या ओलांडलेल्या मजकुरात असतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच 'एच', 'एफ', इन्सर्ट-एफ७ आणि मोड बदलणारं इन्सर्ट-स्पेस शिकवायला हवं. मात्र वापरकर्ता कितीही तरबेज झाला तरी नसलेलं शीर्षक त्याला सापडणार नाही. म्हणून 'तुम्हाला नीट वापरता येत नाही' हे उत्तर संकेतस्थळ बनवणाऱ्याने देऊ नये.

खरी परीक्षा फॉर्ममध्ये होते. मजकूर टाकायच्या रकान्यात शिरलं की एनव्हीडीए आपणहून फोकस मोडमध्ये जातो आणि तसा आवाज करतो. आता 'एच' दाबलं तर 'एच' टाइप होतं. बाहेर यायला एस्केप. या मोडमध्ये टॅबने पुढे जाताना फक्त रकान्याशी जोडलेला मजकूर ऐकू येतो. पडद्यावर रकान्याच्या शेजारी 'वडिलांचे नाव' असं दिसत असलं, पण ते शब्द लेबल म्हणून त्या रकान्याशी जोडलेले नसले, तर ऐकू येतं फक्त 'एडिट, ब्लँक'. तीस रकान्यांच्या अर्जात असे दहा-बारा 'एडिट, ब्लँक' लागोपाठ आले की माणूस अंदाजाने भरतो, आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव पडतं. रकान्याखालच्या बारीक सूचनेचंही तसंच. 'फक्त इंग्रजीत भरा' ही ओळ रकान्याला 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' या गुणधर्माने जोडली तर रकान्याबरोबर ऐकू येते, नाही तर हवेतच राहते. बनवणाऱ्याला हे प्रत्येक रकान्यामागे एका ओळीचं काम आहे.

चूक दाखवण्याची पद्धत तर याहून वाईट. 'सबमिट' दाबलं, पान हललं नाही, वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'पिनकोड चुकीचा आहे' असं आलं. डोळसाला ते दिसतं. स्क्रीन रीडर मात्र अजून 'सबमिट'वरच उभा असतो आणि गप्प असतो. वापरकर्ता पुन्हा एंटर मारतो, पुन्हा शांतता. याचे दोन उपाय आहेत: चूक सांगणारा संदेश 'अलर्ट' म्हणून नोंदवायचा, म्हणजे तो उमटताक्षणी आपोआप वाचला जातो, किंवा फोकस, म्हणजे कीबोर्ड त्या क्षणी जिथे काम करतो ती जागा, थेट चुकलेल्या पहिल्या रकान्यावर न्यायचा. दोन्ही केले तर उत्तम.

आणि ते 'सबमिट' हे खरं बटण तरी असावं. आजकाल पुष्कळ ठिकाणी 'डिव्ह' नावाच्या रिकाम्या चौकटीला रंग देऊन, तिच्यावर क्लिक झालं की अमुक कर, असं सांगितलेलं असतं. माउसला ते बटण वाटतं. टॅब त्यावर थांबत नाही, 'बी' दाबून ते सापडत नाही, आणि कसंबसं पोहोचलं तरी ते बटण आहे असं ऐकू येत नाही. त्याला कीबोर्डवर आणायचं तर टॅबच्या क्रमात जागा द्या, बटण अशी भूमिका द्या, एंटर आणि स्पेस या दोन्ही कळांना प्रतिसाद लिहा. एचटीएमएलचं मूळ 'बटन' वापरलं असतं तर हे सगळं आयतं मिळालं असतं. सुलभता महाग पडते असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब पाहावा: जास्तीचं काम आडवाटेने गेल्यामुळे वाढतं.

जिल्हा, तालुका, गाव ही तीन खाली उघडणाऱ्या याद्यांची साखळी महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक सरकारी अर्जात भेटते. यादी बंद असताना खालचा बाण दाबला की निवड बदलते, आणि निवड बदलताच पान तालुके आणायला धावतं. छत्तीस जिल्ह्यांच्या यादीत सातारा किंवा सोलापूरपर्यंत बाणाने जायचं म्हणजे वाटेतल्या प्रत्येक जिल्ह्यावर पान नव्याने भरणार आणि फोकस उडून पानाच्या सुरुवातीला जाणार. वापरकर्त्याच्या हातात यावर एक युक्ती आहे: ऑल्ट आणि खालचा बाण दाबून यादी उघडायची, नावाचं पहिलं अक्षर टाइप करायचं, हवं ते आलं की एंटर. यादी मराठीत असेल तर अक्षरही मराठी कीबोर्डवरून द्यावं लागतं. विंडोज-स्पेसने कीबोर्ड बदलता येतो. पण यादी पुन्हा 'डिव्ह'मधून सजवलेली असेल तर ऑल्ट-बाणही चालत नाही आणि अक्षरही. जन्मतारखेच्या दिनदर्शिकेतही हेच घडतं. आजच्या महिन्यापासून मागे जात १९६५ गाठायला लावणारी, आणि टाइप करू न देणारी दिनदर्शिका डोळसांनाही छळते. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने दिले की काम भागतं.

इतकं सगळं पार करून माणूस शेवटी कॅप्चाला येऊन अडतो. वाकडीतिकडी अक्षरं हे चित्रच असतं आणि ते वाचता येऊ नये म्हणूनच बनवलेलं असतं. त्याला पर्यायी वर्णन देता येत नाही. आवाजी कॅप्चा हवा, तो अनेकदा नसतो. असला तरी गोंगाटात बुडवलेला, इंग्रजी आणि एकदाच ऐकवणारा. सुरक्षेसाठी हे लागतंच, असं सांगितलं जातं. पण जिथे मोबाइलवर ओटीपी येणारच आहे तिथे त्याआधी कॅप्चा ठेवून नेमकं कोणाला रोखलं जातं? यंत्राकडून होणारा मारा ओळखण्याचं काम सर्व्हरच्या बाजूने, वापरकर्त्याला कोडं न घालताही होतं. डब्ल्यूसीएजी २.२ या संकेतस्थळांच्या सुलभतेसाठीच्या, ऑक्टोबर २०२३ मधल्या आंतरराष्ट्रीय मानकाने लॉगिनसाठी अशी कोडी एकमेव मार्ग म्हणून ठेवू नयेत असं सांगितलं आहे. ओटीपीचा रकाना पेस्ट करू देत नाही, काही ठिकाणी अंकांची जागा दर वेळी बदलणारा पडद्यावरचा कीबोर्ड माउसनेच दाबावा लागतो, आणि तेवढ्यात वेळ संपून 'सेशन एक्स्पायर्ड' होतं. मानक म्हणतं, वेळ संपण्याआधी इशारा द्या, आणि एका साध्या कळीने वेळ वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या. आपल्याकडे इशारा देण्याची पद्धतच रुजलेली नाही.

याची किंमत कोण मोजतं? अडलेला माणूस सेवा केंद्रात किंवा कॅफेत जातो आणि आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी, बँकेचा तपशील तिथल्या चालकाला सांगतो. एकीकडे ओटीपी कोणालाही सांगू नका अशी जाहिरात ऐकायची, दुसरीकडे तो सांगितल्याशिवाय काम होणार नाही अशी व्यवस्था सोसायची. मदतनीस उपलब्ध आहे म्हणजे सेवा सुलभ आहे, हा युक्तिवाद मला म्हणूनच मान्य नाही.

मराठी पानांचे आणखी काही प्रश्न आहेत, आणि ते इथल्याच लोकांनी सोडवायचे आहेत. पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलच्या पहिल्या ओळीत 'एमआर' या दोन अक्षरी संकेताने सांगावं लागतं. इंग्रजी साचा उचलून मराठी मजकूर भरला की तिथे 'ईएन' तसंच राहतं. मग कुठला इंग्रजी आवाज देवनागरी सरळ गाळतो, तर ईस्पीकसारखा आवाज ती हिंदीच्या नियमांनी वाचतो. याहून मोठा घोळ जुन्या फॉन्टचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच असा असतो आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. युनिकोड येऊन इतका काळ लोटला तरी अशा फाइली अजून चढवल्या जातात.

पीडीएफची कथा तर रोजची. मजकूर संगणकावर टाइप होतो, छापला जातो, सही-शिक्का होतो आणि मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकला जातो. टाइप केलेला मजकूर हाताशी असताना वाचकाला त्याचा फोटो दिला जातो. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, तो काही प्रमाणात वाचता येतो, पण शिक्क्याखाली गेलेली रक्कम किंवा तारीख चुकते आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं. मूळ मजकुराच्या पीडीएफवर डिजिटल सही करणं हा यावरचा सरळ मार्ग आहे. ती फाइल बनवतानाही वर्डमधून 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ निवडावं, तिथला रचनेच्या टॅगचा पर्याय चालू ठेवावा. 'प्रिंट'मधून पीडीएफ काढलं की शीर्षकं आणि तक्त्यांची नोंद गळून जाते.

या सगळ्यावर बाजारात एक झटपट इलाज मिळतो: पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह, त्यावर क्लिक केलं की अक्षर मोठं, रंग उलटे, 'वाचून दाखवा'. ज्याला हे चिन्ह शोधून क्लिक करता येतं त्याला स्क्रीन रीडरची गरजच कमी असते, आणि ज्याला गरज असते त्याच्या संगणकावर स्वतःचा, सवयीच्या वेगाचा आवाज आधीच असतो. लेबल नसलेल्या रकान्याला ही पट्टी खात्रीचं लेबल देऊ शकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अशी पट्टी विकणाऱ्या एका कंपनीला, कोणतंही संकेतस्थळ मानकात बसवतो या दाव्याबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे मात्र ती बसवली की काम झालं, असं अजूनही मानलं जातं.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता हे सोडवेल, असंही ऐकू येतं. चित्राचं वर्णन करायला ती खरोखर उपयोगी आहे. पण नाव नसलेली दोन बटणं शेजारी असतील आणि एक पैसे पाठवणारं, दुसरं रद्द करणारं असेल, तर तिथे अंदाज चालत नाही. ॲप वापरा, हा सल्लाही अपुरा आहे. मुळात तेच दोष ॲपमध्येही असतात, आणि शिवाय नोकरीचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी १ टक्का जागा राखल्या आहेत. त्या जागांवर आलेल्या माणसाला कार्यालयातलं अंतर्गत सॉफ्टवेअर कीबोर्डवर चालत नसेल तर पगार मिळतो, काम मिळत नाही. लोकांसमोर येत नाही म्हणून या सॉफ्टवेअरची चर्चाही होत नाही.

कायदा आता कमी पडत नाही. २०१६ च्या कायद्याचं सुलभ सेवांबद्दलचं कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्याने सक्तीच्या मानकांऐवजी शिफारशी दिल्या होत्या. सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, डोळे मिचकावून दाखवायला सांगणाऱ्या केवायसीविरुद्धच्या याचिकांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं न्यायालयाने सांगितलं आणि २० निर्देश दिले. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची. तरीही पानं तशीच राहतात, कारण हे सगळं खर्चाच्या मंजुरीशी जोडलेलं नाही. वेबएमने २०२५ मध्ये तपासलेल्या जगातल्या दहा लाख मुख्यपृष्ठांपैकी ९४.८ टक्के पानांवर मानकभंग सापडला, आणि त्यातले ९६ टक्के दोष सहाच प्रकारांत बसले: फिका मजकूर, वर्णन नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, रिकामे दुवे, रिकामी बटणं, न सांगितलेली भाषा. यातला एकही दोष दुरुस्त करायला संशोधन लागत नाही.

म्हणून निविदेतली अट अशी असावी. संकेतस्थळावरची सर्वाधिक वापरातली पाच कामं आधीच नावानिशी लिहायची. एनव्हीडीएसह क्रोम आणि फायरफॉक्सवर, तसंच अँड्रॉइडच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर ती पूर्ण झाली पाहिजेत. चाचणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या किमान दोन अंध व्यक्तींनी करायची आणि त्यांना त्याचं मानधन द्यायचं. 'सूचनांसाठी आमंत्रण' देऊन फुकट राबवायचं नाही. अधिकाऱ्याला काय ऐकू येतंय हे पाहायचं असेल तर एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे, उच्चारलेला प्रत्येक शब्द तिथे लिहून येतो. कुठल्या पानावर, कोणती कळ दाबली, काय ऐकू आलं आणि काय यायला हवं होतं, या चार गोष्टी प्रत्येक दोषापुढे नोंदवायच्या, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला तोच दोष पुन्हा घडवून पाहता येतो. आणि नवी रचना चढवली की पाचही कामं पुन्हा तपासायची. मागच्या आवृत्तीत नीट चालणारा अर्ज नव्या सजावटीत मोडतो तो बहुधा याच टप्प्यावर, आणि तोपर्यंत कंत्राटदाराचे पैसे चुकते झालेले असतील तर तो दुरुस्त करायला कोणी येत नाही.